दिवसातून किती वेळा सांगू की मीच आहे?

अकरा वेळा. आज सकाळपासून मोजलंय, बोटं संपली म्हणून वहीत रेघा मारल्या. लॅपटॉप उघडला की पासवर्ड, ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या व्हीपीएनला कोड, मेलला फोनवर अप्रूव्हल, मग टिकेटिंगला (आयटीकडे तक्रार टाकायची सिस्टिम) परत कोड, आणि जेवून आलं की सेशन एक्सपायर, चला पहिल्यापासून. अरे तोच लॅपटॉप, तीच खुर्ची, तोच मी!

आयटीला विचारलं तर म्हणे "आता झीरो ट्रस्ट आलंय". आलंय म्हणजे काय, साथ आहे का ती? 2010 ला फॉरेस्टर या रिसर्च कंपनीच्या जॉन किंडरवॅगने हे मांडलं तेव्हा म्हणणं एवढंच होतं की नेटवर्कच्या आत शिरला म्हणून कोणी घरचा होत नाही. एकदम मान्य. पण निस्टचं, म्हणजे अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, झीरो ट्रस्टवरचं 2020 चं 800-207 नावाचं डॉक्युमेंट वाचा की जरा, डिव्हाइसची अवस्था बघा, पॅच (दुरुस्तीचे अपडेट) लागलेत का बघा, आणि परत ओळख विचारताना वापरणाऱ्याची सोय पण बघा असं त्यात लिहिलंय. हे सगळं सिस्टिमने मागच्या मागे करायचं असतं हो. आमच्याकडे मागे काहीच होत नाही, सगळं माझ्या अंगठ्याच्या जिवावर चाललंय.

आणि त्या अंगठ्याला सवय लागलीय ना आता. परवा मीटिंगमध्ये फोन थरथरला, बोलता बोलता अप्रूव्ह दाबलं, नंतर लक्षात आलं की मी तर कुठे लॉगिनच करत नव्हतो. फुटला घाम. 2022 ला उबरमध्ये हॅकर असाच घुसला होता, कॉन्ट्रॅक्टरला रिक्वेस्टवर रिक्वेस्ट पाठवत राहिला, शेवटी त्याने एक दाबली. निदान स्क्रीनवरचा नंबर फोनमध्ये टाकायला लावा, नाहीतर पासकी (पासवर्डऐवजी डिव्हाइसच्या लॉकने लॉगिन) द्या, तर नाही, "पुढच्या फेजमध्ये बघू".

बरं एवढा कडकपणा सगळ्यांना असता तरी गप्प बसलो असतो. व्हेंडरचं एक शेअर्ड अकाउंट आहे, अ‍ॅडमिन राइट्सवालं, पासवर्ड एक्सेलमध्ये, एमएफए (पासवर्डनंतरचा कोड किंवा अप्रूव्हल) बंद, का तर म्हणे चालू केलं की स्क्रिप्ट बंद पडते. त्याच्यावर ट्रस्ट शंभर टक्के, झीरो काय तो माझ्यावर!

गेल्या सोमवारी तर कहर झाला. लॅपटॉप "नॉन-कम्प्लायंट", म्हणजे नियमात न बसणारा झाला, कारण एक अपडेट राहिलं होतं. अपडेट टाकायला अ‍ॅडमिन राइट्स पाहिजेत, राइट्ससाठी पोर्टलवर रिक्वेस्ट टाकायची, आणि पोर्टल फक्त कम्प्लायंट डिव्हाइसवर उघडतं. शेवटी शेजारच्याच्या मशीनवरून त्याच्या लॉगिनने तिकीट टाकलं (हो, झीरो ट्रस्टमध्येच, दुसऱ्याच्या लॉगिनने, कोणाला पत्ता नाही). दोन दिवसांनी लॅपटॉप उघडला तेव्हा कळलं की तिकीट त्याच दिवशी क्लोज केलेलं. कारण काय तर, युजरने मेलला उत्तर दिलं नाही.