सजीव, निर्जीव आणि मामा

दिवाळीच्या सुट्टीत भाची येते ती फराळ संपवायला आणि किल्ला करायला, अशी माझी समजूत होती. यंदा ती परिसर अभ्यासाचा प्रकल्प घेऊन आली. सजीव-निर्जीवांचा तक्ता, घराजवळच्या एका अधिवासाचं निरीक्षण आणि एक अन्नसाखळी. "तुझं बीएस्सी झालंय ना, बघ जरा," म्हणत ताई लक्ष्मी रोडला सटकली. माझं बीएस्सी स्टॅटिस्टिक्समधलं आहे, हे आमच्या घरात कुणाच्याच लक्षात राहत नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातून केली. पातेलं निर्जीव, तुळस सजीव. इथवर मी फॉर्मात होतो. मग तिने मटकीचा डबा उघडला.

"सजीव," मी म्हणालो. "बी झोपलेलं असतं. अगदी सावकाश श्वास घेतं. भिजवलं की जागं होतं, मोड येतात."

तिने डब्याला कान लावला. "घोरत नाहीयेत. मामा, म्हणजे मिसळीत आपण जिवंत मटकी खाल्ली?"

"अगं, शिजवल्यावर कुठली जिवंत राहते?"

"म्हणजे आजीने मारली!"

आई त्याच वेळी फडक्यात मटकी बांधत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, भाचीकडे नाही. विरजणाचा विषय मी काढलाच नाही. चमचाभर दह्यात केवढे जीव असतात हे कळलं असतं, तर घरातली कढी कायमची बंद झाली असती.

एवढ्यात ट्यूबलाइटमागची पाल खाली उतरली. आईने झाडू उगारला, पाल पसार झाली आणि तिची शेपटी फरशीवर वळवळत राहिली.

"ही कुठल्या रकान्यात?"

पाल शत्रूला चकवायला शेपटी स्वतःच तोडून टाकते, ती थोडा वेळ वळवळते, पालीला पुन्हा नवी येते, असं सगळं मी रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हो, पण रकाना?" शेवटी तिनेच तिसरा रकाना आखला, 'आधी सजीव होते'. त्यात शेपटीमागोमाग लाकडी टेबल, माझा सुती कुर्ता, कोल्हापुरी चप्पल आणि बराच विचार करून चकली गेली. भाजणी धान्याचीच ना! तिसरा रकाना बघता बघता पहिल्या दोघांपेक्षा लांब झाला.

अधिवासासाठी मला भीमाशंकरचा शेकरू घ्यायचा होता. आपला राज्यप्राणी, शिवाय एकच शेकरू उंच झाडांवर अनेक घरटी बांधतो. (आम्ही एकाच फ्लॅटचे हप्ते फेडतोय.) पण वहीत 'घराजवळच्या' असं होतं, म्हणून बाल्कनीतली कबुतरं आली. कबुतरं मुळात कड्याकपारीत राहणारी, आपल्या इमारती म्हणजे त्यांना कडेच वाटतात, एसीचा बाहेरचा डबा ही कपार, असं मी सांगून बसलो.

"मग जाळीवाल्या काकांना कशाला बोलावलंयस? ती बेघर होतील."

गेलेली पत सावरायला मी इतिहासात शिरलो. 1935 साली आर्थर टान्सली नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने सजीवांच्या जोडीला माती, हवा, पाणीही एकाच व्यवस्थेत धरलं, तीच परिसंस्था.

"त्यांच्या बाल्कनीत कबुतरं होती?"

जाळी रद्द झाली. विष्ठा मी खरवडतो.

अन्नसाखळी तिने एकटीने काढली. कढीपत्त्याचं झाड, त्याची पानं खाणारी अळी, अळीचं फुलपाखरू, फुलपाखराला खाणारी पाल. पालीवर बाण मारून झाडूसकट आजी.

"आजी पाल खात नाही गं."

"पण मारते ना? शिकारी."

सगळ्यांच्या खाली, कोपऱ्यात, अळंबीशेजारी एक चष्मेवाला माणूस होता. खाली लिहिलं होतं, 'विघटक : मामा'.

"विघटक उरलंसुरलं, शिळंपाकं संपवतात. बाईंनी सांगितलंय."

मी दाद मागायला आईकडे वळलो. तिने चित्र चष्मा लावून नीट पाहिलं, "हुबेहूब आलंय," म्हणाली आणि फ्रिजमधून कालच्या भाताचं पातेलं काढून माझ्यापुढे ठेवलं.