कटर दोन, शहाणे पाच, कानस एक

लाकूड कापताना कटरमधून खाली काय पडते, याकडे आमच्या घरातील एकाही पुरुषाने आजवर नीट पाहिलेले नाही आणि माझ्या संतापाचे मूळ एवढ्याशा गोष्टीत आहे. चेनला धार असेल तर पोह्यांसारख्या चपट्या कपच्या उडतात. धार गेली की नुसते पीठ पडते. हे कळायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, खाली बघावे लागते. आमच्याकडे मात्र पीठ पडू लागले की मशीनवर अंगाचा भार टाकायचा, एक्सलेटर शेवटपर्यंत दाबून धरायचा, कापातून धूर निघाला की ‘लाकूडच निबर आहे’ असे जाहीर करायचे आणि चहा मागवायचा, अशी रीत आहे. चेनसॉ हा शब्द आमच्या गावात कोणी वापरत नाही, सगळे त्याला कटर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. या घरात कटर दोन आहेत, ते कसे चालवावेत याबद्दल ठाम मत असलेली माणसे पाच आहेत आणि धार लावायची कानस हातात धरणारा मी एकटा आहे.

आमचे घर दापोली तालुक्यात आहे. स्वयंपाक गॅसवर होऊ लागून कितीतरी वर्षे झाली, पण अंघोळीचे पाणी अजून न्हाणीतल्या चुलीवरच तापते, कारण जुलैत विजेचा काही भरवसा नसतो आणि गणपतीत घरात वीस-बावीस माणसे असतात. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढे जळण मृगापूर्वी कापून, फोडून, सुकवून पडवीत रचलेले असावे लागते. हे काम चैत्रात उरकावे, म्हणजे लाकडाला वैशाखाचे ऊन पुरेपूर मिळते, असे मी गेली दहा वर्षे सांगत आलो आहे. परंतु मुंबई-पुण्याची मंडळी येतात ती आंब्याच्या मोसमात, मे महिना अर्धा सरल्यावर, आणि ‘आम्ही आल्याशिवाय सुरू करू नकोस, सगळे मिळून करू, मजा येते’ असा त्यांचा हट्ट असतो. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्रात पोहोचला आणि त्याआधीचे चार-पाच दिवसही पावसातच गेले. आमची मजा तोवर निम्मीही झालेली नव्हती. अंगणात पडलेले ऐनाचे लाकूड जागच्या जागी भिजले. त्या लाकडांनी ऑगस्टमध्ये जो धूर केला, तो माझ्या आईने आणि बायकोने डोळ्यांत घेतला. कापणारे तेव्हा आपापल्या फ्लॅटमध्ये गीझरच्या पाण्याने अंघोळी करत होते.

आता कटरांविषयी. जुना कटर बाबांनी १९९८ साली एका लाकूड ठेकेदाराकडून वापरलेला घेतला. परदेशी बनावटीचा, वजनाला सात किलोच्या घरात, वरचा रंग कधीच उडालेला. तो सुरू करणे हा एक विधी आहे. चोक ओढायचा, दोरीला दोन झटके द्यायचे, ‘फट्’ असा एक आवाज आला की चोक अर्धा आत ढकलायचा, मग तिसरा झटका आणि तोही बाबांच्याच हातचा. दुसऱ्या कोणी दोरी ओढली की तो पेट्रोल पितो आणि गप्प बसतो. मग प्लग काढून पंचाने पुसणे आणि उन्हात ठेवणे आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आमच्या वाडीचा रस्ता आंबे, फणस आणि माडांनी बुजवून टाकला, तेव्हा पहिले तीन दिवस याच कटरने वाट काढली, हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्याचे श्रेय त्याला व बाबांना दिलेच पाहिजे. पण त्या दिवसापासून बाबांनी त्या यंत्राचा देव केला. देवाला कोणी धार लावत नाही. ‘तुझ्या जन्माआधीपासून लाकडे कापतोय मी’ हे त्यांचे उत्तर ठरलेले आहे, आणि खरे आहे, फक्त तेव्हा ते कुऱ्हाडीने कापत आणि कुऱ्हाडीला दर सकाळी दगडावर घासत. तेच हात कटरच्या चेनला कानस लावायचे म्हटले की दुखू लागतात.

नवा कटर त्याच वादळानंतर दादाने ऑनलाइन मागवला. अठ्ठावन्न सीसीचे इंजिन, बावीस इंची बार (म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी), भगवा रंग आणि सहा-सात हजार रुपये किंमत. सोबत एक जादा चेन, मिश्रण मोजायची प्लॅस्टिकची बाटली, दोन पाने आणि एक माहितीपत्रक आले, ज्यातले इंग्रजी वाचून इंग्रजालाही ताप भरावा. मला आजतागायत न उलगडलेला प्रश्न असा की, ज्या घरात वीतभराहून जाड लाकूड क्वचितच कापले जाते, त्या घराला बावीस इंची बार कशाला हवा? लांब बार म्हणजे चाळीसच्या आसपास दात, ते सगळे घासणार मी. लांब बार म्हणजे ओंडक्याच्या पलीकडे वीतभर टोक बाहेर, ते जमिनीला लागणार हे ठरलेले. पण दादाला मशीन फोटोत चांगले दिसायला हवे होते. तीन महिन्यांनी त्याची दोरी गुंडाळणारी स्प्रिंग तुटली, तेव्हा विकणाऱ्याकडे सुटा भाग मिळेना. ‘साहेब, पूर्ण मशीनच नवीन घ्या, परवडेल’ असा सल्ला फोनवर मिळाला. अखेर खेडच्या एका गॅरेजवाल्याने दुसऱ्या कुठल्यातरी मशीनची स्प्रिंग वाकवून बसवली.

यानंतर घरात दोन पक्ष पडले. बाबा आणि काका जुन्या कटरच्या बाजूचे. दादा, भावोजी आणि अठरा वर्षांचा भाचा नव्याच्या बाजूचे. दर वर्षी पहिल्या दिवशी नाश्त्यानंतर तासभर नुसता वाद चालतो. ‘जुन्यात लोखंड आहे, नव्यात पत्रा आहे.’ ‘नव्यात ताकद आहे, जुन्यात आठवणी आहेत.’ दोन्ही वाक्ये मला तोंडपाठ आहेत. दुपारी दोन्ही कटर शेजारी शेजारी पीठ पाडत असतात आणि दोन्ही पक्ष एकमेकांच्या पिठाकडे बोट दाखवतात. कुठला कटर चांगला, हा प्रश्नच नाही हो! दोघांचे दात बोथट आहेत. बोथट चेन लावलेला नवा कटर आणि बोथट चेन लावलेला जुना कटर यांत फरक इतकाच, की एकाचे हप्ते फिटायचे आहेत.

आणि दात बोथट का होतात? आमची जमीन जांभ्या दगडाची आहे. वरची माती चार बोटे, तीतही खडे, खाली सगळा कातळ. फिरत्या चेनचा जांभ्याला निमिषभर स्पर्श झाला की सकाळी पंधरा मिनिटे खपून लावलेली धार संपली. ती पुन्हा दाबून येत नाही, रागावून येत नाही. म्हणून मी चार वर्षांपूर्वी काजूच्या बेचक्यांची एक घोडी केली. तिच्यावर लाकूड कमरेएवढ्या उंचीवर आडवे ठेवता येते, जमिनीचा संबंधच उरत नाही, पाठही दुखत नाही. त्या घोडीवर आज आईचे फणसाचे पापड वाळत आहेत. काकांचे म्हणणे असे की, लाकूड उचलून घोडीवर ठेवण्यात वेळ जातो. मी एकदा घड्याळ लावून मोजले. घोडीवर ठेवायला अर्धे मिनिट लागले आणि जमिनीवर ठेवून बोथट चेनने त्याच जाडीचे ऐनाचे लाकूड कापायला सहा मिनिटे. आकडे ऐकून काका म्हणाले, ‘तुझे घड्याळ पुढे असेल.’

धार लावणे ही फार मोठी विद्याही नाही, म्हणून तर अधिक चीड येते. गोल कानस घ्यायची, दाताच्या खुणेप्रमाणे तीस अंशांचा कोन धरायचा, आतून बाहेर तीन किंवा चार वेळा सारखी ओढ द्यायची, एक दात सोडून पुढचा, मग दुसऱ्या बाजूने उरलेले. चार-पाच वेळा धार लावून झाली की दातापुढचा तो उंचवटा चपट्या कानशीने किंचित उतरवायचा, कारण तो उंच राहिला तर धारदार दातसुद्धा लाकडात शिरत नाही. झाले. अडचण एवढीच, की जुन्या कटरची चेन मोठ्या पिचची, म्हणजे मोठ्या कड्यांची, असल्याने तिला साडेपाच मिलिमीटरची कानस लागते आणि नव्याची चेन बारीक असल्याने तिला ४.८ मिलिमीटरची. मी दोन्ही कानशींच्या मुठींना वेगवेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या गुंडाळल्या आणि कपाटाच्या दाराला आतून कागद डकवला. मागच्या वर्षी मी बाजारात गेलो असताना भावोजींना अचानक सेवाभाव सुचला आणि त्यांनी हातकरवतीची त्रिकोणी कानस घेऊन नवी चेन ‘फक्कड’ करून ठेवली. एकेका दाताला खाच पडली होती. डाव्या बाजूचे दात लहान, उजवीकडचे मोठे, त्यामुळे कटर सरळ न जाता लाकडात कोयरीसारखा वळत गेला. जावईमाणूस, बोलणार काय! मी ती चेन खिळ्याला टांगून ठेवली आहे आणि ती दिसावी अशाच ठिकाणी ठेवली आहे.

पेट्रोलचा विषय काढला की माझा रक्तदाब वाढतो, पण काढतोच. दोन्ही इंजिने टू-स्ट्रोक. त्यांना वेगळे इंजिन ऑइल नसते, पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. नव्याला लिटरमागे चाळीस मिलिलिटर सांगितले आहे. जुन्या स्कूटरच्या काळात पंपावर टू-टी ऑइल मोजून मिळायचे. आता बाटली शोधत हिंडावे लागते, म्हणून मी एप्रिलमध्येच आणून मिश्रण करून ठेवतो आणि कॅनवर ठळक अक्षरांत ‘कटर’ असे लिहितो. दोन वर्षांपूर्वी भाच्याने तो कॅन संपलेला पाहून मोटरसायकलच्या टाकीतले कोरे पेट्रोल नव्या कटरमध्ये ओतले. ‘मामा, पेट्रोल ते पेट्रोलच ना?’ तेलावाचून पिस्टन सिलिंडरला घासून जाम झाला, आणि झाला कधी, तर जेमतेम दहा मिनिटांत. नवीन सिलिंडर-पिस्टनचा खर्च मी केला. दादा म्हणाला की नवीनच मागवू. जुन्याची गत निराळी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, ते हवेतली आर्द्रता ओढून घेते आणि जुन्या कार्ब्युरेटरमधले रबरी पडदे त्यासाठी बनलेलेच नाहीत. त्यामुळे काम संपले की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, हे मी बाबांना दर वर्षी विनवतो. बाबा टाकी भरून ठेवतात, ‘गंज धरत नाही’ म्हणून. पुढच्या मे महिन्यात कडक झालेला पडदा बदलायला कार्ब्युरेटर उघडतो तो मीच.

चपला घालून कटर चालवण्याबद्दल मी बोलायचे सोडून दिले आहे. मात्र जुन्या कटरचा चेन ब्रेक तुटलेला आहे, हे मला विसरता येत नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडात रुतला तर मशीन उसळून थेट चेहऱ्याकडे येते आणि त्या वेळी चेन थांबवणारा हाच एक भाग असतो. धारदार चेनने हलक्या हाताने कापणारा माणूस तोल सांभाळून असतो. बोथट चेनवर सगळे वजन टाकून उभा राहिलेला चौऱ्याहत्तर वर्षांचा, पंचा नेसलेला माणूस नसतो. हे बोललो की घरात मला भित्रा ठरवतात.

या वर्षी वादळाशिवायच, मुळाशी वाळवी लागून, चिंचेजवळचा एक किंजळ पडला. त्याची दोन्ही टोके उंचवट्यांवर आणि मधला भाग अधांतरी, असा तो पडून आहे. अशा ओंडक्याच्या वरच्या अंगाला दाब असतो. वरून कापत गेले की कापाची दोन्ही तोंडे मिटतात आणि बार पकडतात. थोडेसे वरून कापावे, पाचर ठोकावी आणि उरलेले खालून घ्यावे, असे मी सांगत होतो. पाचरी मी आदल्या रात्री बाभळीच्या करून ठेवल्या होत्या, दोन्ही चेनना धार लावून ठेवली होती, घोडीवरचे पापडही आईला विचारून हलवले होते. दादा म्हणाला, ‘बघ रे, दोन मिनिटांत तुकडा पाडतो,’ आणि वरून सरळ घुसला. कपच्या फार सुंदर उडत होत्या, ते मला कबूल केले पाहिजे. अर्ध्याच्या खाली गेल्यावर ओंडका करकरला आणि बार गच्च बसला. मग बाबांनी त्याला सोडवण्यासाठी जुना कटर आणला, हातभर अंतरावर तसाच वरून घातला, आणि तोही बसला.

सोमवारी सकाळी सगळे आपापल्या गाड्यांनी परतले. दोन्ही कटर किंजळात उभे आहेत, वर मी ताडपत्री टाकली आहे आणि आता पहार घेऊन तिकडेच निघालो आहे.