पहाटे पाचला उठून काय होणार, काका?

परवा काकांनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला. ‘बेकार माणसाकडे नोकरी नसते, कारण शिस्त नसते. पहाटे पाचला उठा, रोज १०० अर्ज करा, ३० दिवसांत नोकरी. वर्षभर घरी बसलेला माणूस शोधतच नसतो.’ खाली चार अंगठे. त्याच ग्रुपवर माझा आतेभाऊ आहे, १४ महिने नोकरीविना. मेसेज टाकणारा त्याचा सख्खा मामा.

पाचला उठायचं? तो चारलाच जागा असतो, झोप येत नाही म्हणून.

१०० अर्ज? बायोडेटा जाहिरातीप्रमाणे बदलायला त्याला पाऊण तास लागतो. म्हणजे १०० अर्जांना ७५ तास. काकांचा दिवस केवढा असतो कोण जाणे. भाऊ वही ठेवतो: तारीख, कंपनी, पद, कोणाशी बोललो, उत्तर. शेवटचा रकाना पानंच्या पानं कोरा.

आता ते ‘शोधतच नसतो’. कोरी क्रॉफ्ट आणि दोन सहकारी अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या सुमारे ३,००० जाहिरातींना जवळपास १२,००० बनावट बायोडेटा पाठवले. निष्कर्ष २०१३ साली छापून आले. कोण किती महिने बेकार, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. बेकारीचे महिने वाढले तसे मुलाखतीचे फोन घटले, आणि मुख्य घसरण पहिल्या आठ महिन्यांतच. ही माणसं जन्मालाच आलेली नव्हती! त्यांनी आळस कधी केला? अमेरिकेतलं आहे, मान्य. पण इथेही भावाला पहिला प्रश्न ‘गॅप का?’ हाच येतो, कामाचं नंतर.

बरं, एवढं नाइलाजाने कबूल करतो की रिकामपणात दिवसाची घडी विस्कटते. ऑस्ट्रियातल्या मारिएनथालचा कारखाना बंद पडला, तेव्हा हाती अख्खा दिवस असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी केलं; तिथल्या पाहणीचं पुस्तक १९३३ सालचं. पण क्रम बघा: आधी काम गेलं, मग घडी मोडली. वेळ आखून घेतल्याचा उपयोगही होतो. भाऊ हल्ली दहा ते एक वाचनालयात बसूनच अर्ज करतो, घरी बसल्यावर नुसता फोनकडे बघत राहायचा. त्यामुळे अर्ज करायचे राहून जात नाहीत, इतकंच. समोरून फोन यायला समोरच्याने तो करावा लागतो.

‘३० दिवसांत’वर काय बोलायचं? असं लिहिणाऱ्याचा क्लास असतो बहुधा.

काका, चाकणला तुमचे दोन मित्र कारखाने चालवतात. भावाने आठ वर्षं क्वालिटीत काढलीत. त्याचा बायोडेटा तुमच्याकडे दिवाळीपासून आहे. पुढे पाठवलात का?