हर्णै ते केळशी, पायी

कोकणातल्या रस्त्यांवरचा वाद परदेशात बसून वाचला की त्यात दोनच पक्ष दिसतात. एकाला रेवस-रेडी सागरी महामार्ग हवा, खाड्यांवर पूल हवेत, वाडीपर्यंत गाडी हवी. दुसरा म्हणतो, रस्ता आला की जमीन जाते. बाहेरचा माणूस डोंगर घेतो, जेसीबी लावतो, चिऱ्याचं कुंपण घालतो आणि गावाची वहिवाट बंद होते. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावरून, आंब्याच्या कलमांच्या बागांमधून एका गावातून दुसऱ्या गावी जाणारी पायवाट या वादात कुठेच नसते. तिचा एकतर रस्ता होतो, नाहीतर ती बुजते. तिनं पायवाटच राहावं आणि कागदावर राहावं, असं मला वाटतं.

इंग्लंडच्या केंट परगण्यात चिलहॅम ते कँटरबरी हा साधारण 11 किलोमीटरचा टप्पा आहे. चिलहॅमला रेल्वेने उतरायचं, किल्ल्याशेजारचा जुना चौक ओलांडायचा, ओल्ड वाइव्ह्ज लीजनंतर सफरचंदाच्या बागांमधून चार्टहॅम हॅच गाठायचं, बिगबरीच्या लोहयुगीन गढीच्या कडेने हार्बलडाउन आणि तिथून कँटरबरी. परतीला पुन्हा रेल्वे. ही वाट खाजगी बागांमधून जाते आणि कोणाची परवानगी लागत नाही. हक्क फक्त त्या पट्ट्यावरून जाण्यायेण्याचा. सफरचंद तोडायचं नाही, झाडाखाली पथारी पसरायची नाही.

यावरून ‘तिकडच्या लोकांना शिस्तच आहे’ असा निष्कर्ष आपल्याकडे लगेच निघतो. तो चुकीचा आहे. 1932 मध्ये किंडर स्काउटच्या डोंगरावर बंदी मोडून चालत गेलेल्यांपैकी काहींना तुरुंगात जावं लागलं होतं. 1949 च्या कायद्याने परगण्यांना पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावलं. पुढच्या कायद्यांनी बारीकसारीक ठरवून दिलं: शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली तर साधारणपणे 14 दिवसांत किमान 1 मीटर रुंदीने पुन्हा चालण्याजोगी करायची, फाटक दुरुस्त ठेवणं मालकाचं काम, पण खर्चाचा किमान चौथा हिस्सा स्थानिक प्राधिकरणाचा. एवढं असूनही काटेरी झुडपांनी बुजलेल्या वाटा तिथेही भेटतात, आणि तक्रार केली की लगेच कोणी येतं असं नाही. फरक इतकाच की वाट बुजली तरी नकाशावरून पुसली जात नाही.

आता रत्नागिरीच्या दापोली तालुक्यातलं हर्णै ते केळशी. सरळ रेषेत 12-13 किलोमीटर, चालताना 20 च्या आसपास धरावेत. निघायचं सकाळी साडेसहाच्या आत, कारण उन्हं चढली की सड्याचा कातळ तापतो आणि वर सावली नसते. माणशी 3 लिटर पाणी. वाटेत विहिरी आहेत, पण पोहरा असेलच असं नाही. हर्णै बंदरातून पाजपंढरी, मग जोग नदीची खाडी ओलांडून आंजर्ले. इथे पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, कड्यावरच्या गणपतीला चढायचं. पावसाळ्यात आणि नंतरही महिनाभर या जांभ्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. उतरताना पाय आडवा टाकावा आणि झिजलेल्या तळाच्या चपला घालून येऊच नये.

देवळाजवळून सुवर्णदुर्ग दिसतो. 1755 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. जेम्सच्या विधवेने 1784 मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी बुरूज बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. आज लंडनभोवती फिरणारी एक सार्वजनिक पायवाट त्या बुरुजाजवळून जाते. स्मारक तिकडे वाटेवर आहे, आणि मूळ किल्ल्यासमोरच्या वाटांची नोंद विचारत फिरावं लागतं, हे मला लागतं.

आंजर्ल्यापुढे पाडले, मग आडे, तिथलं भार्गवरामाचं देऊळ, आणि केळशी. डांबरी रस्ता आहेच. बागांमधल्या वाटा मात्र विचारूनच घ्याव्यात. वाट चुकते ती बहुधा सड्यावर. पावसानंतर गवत कमरेएवढं होतं आणि गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांसारख्याच दिसतात. ज्या वाटेला पऱ्यावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पूल, आहे किंवा गडग्याला (रचलेल्या दगडांच्या कुंपणाला) बेडं आहे, म्हणजे दोन खांबांत सरकवलेले आडवे बांबू आहेत, ती माणसांची. बेडं उघडलं तर मागे लावायचं, नाहीतर गुरं कलमांत शिरतात. गडग्यावर हात टेकून उडी मारायची नाही. चिऱ्यांच्या सांदीत फुरसं हा विषारी साप असतो. चावलाच तर चिरणं, आवळून बांधणं काही न करता दापोली गाठावी.

हंगामाचंही गणित आहे. नोव्हेंबर-डिसेंबर सगळ्यांत चांगला. मोहोर आला की फवारण्या सुरू होतात. फवारलेल्या बागेतून त्या दिवशी जाऊ नये. मार्चपासून झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवतात, माल झाडाखाली असतो, राखणदार आणि कुत्री असतात. तेव्हा अनोळखी माणूस बागेत नको, हे बागायतदाराचं म्हणणं रास्त आहे. त्याची खरी भीती वणव्याची असते. सड्यावरच्या वाळल्या गवतात एक विडी पडली तर कित्येक वर्षांची कलमं तासाभरात करपतात. म्हणून बरेच जण वाटच बंद करतात. मला हा उपाय उलटा वाटतो. गडग्यालगत गवत काढून साफ ठेवलेला पट्टा वणव्याला अडवायलाही कामी येतो, आणि आग झोडपायला माणसांना उभं राहायला जागा मिळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कापताना तेवढ्याच मजुरीत दोन्ही कामं होतात. काढणीच्या तीन महिन्यांत बाहेरच्यांसाठी वाट बंद ठेवावी. गावकऱ्यांसाठी ती बंद होऊ नये.

कायद्याची अडचण आहे, पण सांगतात तितकी नाही. इंग्लंडात लोकांनी एखादी वाट 20 वर्षं हक्काने वापरली की ती सार्वजनिक मानली जाते. आपल्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही 20 वर्षंच आहेत, पण तो हक्क साधारणतः शेजारच्या जमीनमालकाला मिळतो, येणाऱ्याजाणाऱ्याला नाही. 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली अडवलेली वहिवाट मोकळी करून मिळते, तीही शेतीसाठी, आणि अडथळा आल्यापासून 6 महिन्यांत दावा केला तर. सहा महिने भिडेखातर गप्प बसलं की हा मार्ग बंद. शेजारधर्म सांभाळणाऱ्या गावात असं सतत घडतं.

तरी गावनकाशात पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेले आहेत, रुंदी सव्वाआठ फूट. जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे कोणाच्या मालकीच्या नसलेल्या सार्वजनिक वाटा शासनाच्या आहेत. आणि कलम 165 मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे: खाजगी जमिनीतून जाण्यायेण्याच्या गावच्या रूढी जिल्हाधिकाऱ्यांनी नोंदवायच्या. तिकडच्या पायवाटांच्या नकाशाचं काम इथे या एका नोंदवहीत होऊ शकतं. शेतरस्ते 3-4 मीटर रुंद करून सातबाऱ्यावर चढवण्याचा 2025 चा आदेश ट्रॅक्टरसाठी ठीक आहे. पण पाखाडीला आणि घाटीला तो लावला तर जेसीबी पायऱ्याच उखडेल आणि पहिल्या पावसात माती खालच्या आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांत, उतरेल.

हे काम ग्रामसभेपासून सुरू होतं. 1 मेच्या सभेला मुंबईकर चाकरमानीही गावात असतात. गावनकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून आधीच काढून आणावी. सत्तरीच्या पुढच्यांना विचारावं: शाळेला, बाजाराला, देवळाला कुठून जात होता? दुसऱ्या दिवशी सकाळी बागायतदारांना सोबत घेऊन त्या वाटा चालाव्यात, फोनवर मार्ग नोंदवावा, बेडं कुठे लागेल आणि साकव कुठे मोडलाय ते लिहावं, आणि ठरावासोबत तो नकाशा कलम 165 खाली नोंदीसाठी पाठवावा. ज्या बागेतून वाट नेणं मालकाला अजिबात मान्य नाही, तिथे गडग्याच्या बाहेरून वळण काढावं आणि तेही त्याच नकाशावर दाखवावं.