'आम्हाला कोणी वाचायला सांगत नव्हतं': दर ऑक्टोबरात फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

ऑक्टोबर उजाडला की व्हॉट्सअॅपवर शाळांतल्या वाचन मोहिमांविरुद्धचा एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. "15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, मग महावाचन, मग आणखी काहीतरी. पुस्तक हातात धरून फोटो काढला की झालं काम. आमच्या लहानपणी कोणी वाचायला सांगत नव्हतं, तरी आम्ही वाचायचो. आता मोबाईलनं वाचन संपवलं. आवड उपजत असावी लागते, बक्षिसं देऊन लागत नाही. आईबापच वाचत नाहीत तर पोरं काय वाचणार? हे नाटक बंद करा." खाली हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

पटण्यासारखं त्यात थोडं आहेही. फोटोबद्दलच्या तक्रारीखाली तर मीही सही करीन. पण त्या एका खऱ्या तक्रारीच्या आडून बाकीची चुकीची विधानं दरवर्षी सुखरूप पलीकडे जातात, म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात लाडकं विधान आधी घेऊ: आमच्या वेळी कोणी सांगत नव्हतं, तरी आम्ही वाचायचो. यातलं 'आम्ही' म्हणजे कोण? 1961 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षरांचं प्रमाण सुमारे 35 टक्के होतं आणि बायकांमध्ये त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे राज्यातल्या दर तीन माणसांपैकी जवळपास दोघांना लिहितावाचता येत नव्हतं. जे वाचत होते ते उरलेल्या एकातले, आणि त्यातही घरात चार पुस्तकं किंवा चालता येईल इतक्या अंतरावर वाचनालय असलेले. आज तीच माणसं आजोबा होऊन मजकूर पुढे पाठवतात. शेजारच्या वाडीतला, चौथीतून शाळा सोडून गुरांमागे गेलेला त्यांचा सवंगडी या आठवणीत येतच नाही. आजच्या प्रत्येक मुलाची तुलना तेव्हाच्या निवडक मुलांशी केली तर आजचा काळ हरणारच.

आणि 'कोणी सांगत नव्हतं' हेही खोटं आहे. सांगणारे भरपूर होते, फक्त त्यांनी त्याला अभियान हे नाव दिलं नव्हतं. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. वा. गो. आपट्यांनी 1906 मध्ये 'आनंद' हे मुलांचं मासिक काढलं. कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला पहिला. साने गुरुजी गेले आणि पुढच्याच वर्षी, 1951 साली, त्यांच्या नावानं कथामाला सुरू झाली. गावोगावी मुलं जमवून गोष्टी सांगणं हेच तिचं काम. बालभारतीनं 1971 मध्ये 'किशोर' काढलं, सरकारी खर्चानं. ज्यांनी त्या काळात 'आपोआप' वाचलं त्यांच्या हातात पुस्तक आलं ते असल्या कुणाच्या तरी खटपटीमुळे. वाचनालयाची चार आणे वर्गणी परवडत होती कारण त्या वाचनालयाला अनुदान होतं. लहान मुलाला हे कसं दिसावं? मोठेपणी मात्र दिसायला हरकत नव्हती.

आता मोबाईल. या मुद्द्यावर भांडायला मी तयार नव्हतो, कारण घरोघरी काय चालतं ते सगळेच बघतो. पण 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या ग्रामीण पाहणीचे आकडे शेजारी ठेवले की चित्र तितकं सरळ राहत नाही. पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं देशभरात 2018 मध्ये 50.5 टक्के होती. 2022 मध्ये ती 42.8 वर आली आणि 2024 मध्ये पुन्हा 48.8 वर गेली. स्मार्टफोन असलेली घरं मात्र 2018 मधल्या 36 टक्क्यांवरून 2022 मध्ये जवळपास 75 वर गेली आणि तिथून मागे फिरली नाहीत. मोबाईल सतत वाढत गेला. वाचन आधी पडलं, मग सावरलं. पडलं ते शाळा बंद होत्या म्हणून आणि सावरलं ते शाळा उघडल्या, पायाभूत वाचनावर जोर दिला गेला म्हणून, असा अर्थ लावणं जास्त सयुक्तिक आहे. अर्थात हे वाचता येण्याचे आकडे आहेत, वाचायला आवडण्याचे नव्हेत. मुलं संध्याकाळ रील्स बघण्यात घालवतात हे मी नाकारत नाही. पण मोबाईलच्या नावानं बोटं मोडण्यापूर्वी 'वाचता येतं का' हा प्रश्न विचारायला हवा, आणि फॉरवर्डमध्ये तो कुठेच नाही.

तो प्रश्न 'आवड उपजत असते' या विधानाला तर थेट भिडतो. वरच्या आकड्याचा साधा अर्थ असा की पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीचा परिच्छेद अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. जोडाक्षर आलं की मूल थांबतं, वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. त्याला 'आवड नाही' म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीची आवड नाही म्हणण्यासारखं आहे. आवड ही नंतरची गोष्ट. ती कुणात कमी, कुणात जास्त असते हेही मान्य. पण आधी ओळी सरसर वाचता आल्या पाहिजेत, आणि ते कुणालाही जन्मतः येत नाही.

बक्षिसांच्या मुद्द्यावर फॉरवर्ड लिहिणाऱ्याला अर्धे गुण देतो. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्र काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना काही न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं, त्यांच्यात अशी घट झाली नाही. तेव्हा आधीच पुस्तकांत बुडालेल्या मुलीला 'पन्नास पुस्तकं वाच, ढाल मिळेल' असं सांगणाऱ्या शाळांनी जरा दम खावा. पण गोष्ट इथे संपत नाही. रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या काही शहरांत मुलांना थेट पैसे देऊन पाहिले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे दिले, काही फरक पडला नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले, पुस्तकावरची छोटी प्रश्नोत्तरं पार केल्यावर. तिथे इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांचं आकलन सुधारलं. स्पॅनिशमधून देणाऱ्यांचं नाही. यातून पैसे वाटा असा निष्कर्ष मी काढत नाही. पण निकालाला बक्षीस आणि वाचण्याच्या कृतीला बक्षीस यांत फरक पडतो, आणि कोणत्या भाषेत वाचायचं हेही मोजावं लागतं. 'बक्षिसानं कधीच काही होत नाही' इतकं सोपं ते नाही.

आईबाप वाचत नाहीत, हे विधान मला सगळ्यात जास्त खुपतं. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सोफ्यावर बसून मोबाईल चाळणारे आईबाप असतात. पण पालघर, नंदुरबार, गडचिरोलीतल्या आश्रमशाळांमधली कित्येक मुलं घरातली पहिलीच शाळेत गेलेली पिढी आहे. त्यांच्या आईनं वाचावं तरी काय आणि कसं? शिवाय घरात बोलली जाते ती वारली, कातकरी, पावरी, गोंडी. पुस्तकातली मराठी ही त्यांच्यासाठी अर्धी परकी. अशा मुलांबाबत 'घरातून यायला हवं' म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. उलट मोहिमांची खरी गरज इथेच आहे. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याची 'क्वेस्ट' ही संस्था 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम करते. नट मंडळी मुलांच्या पुस्तकातली गोष्ट आश्रमशाळेत नाट्यरूपात सादर करतात. गोष्ट आधी अंगात भिनलेली असली की पानावरचे शब्द परके राहत नाहीत. आणि न वाचणारी आईसुद्धा रिकामी नसते, तिच्याकडे गोष्टी असतात. त्या शाळेत मागवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. शिकलेल्या पण न वाचणाऱ्या घरांबद्दल बोलायचं तर त्यांनाही हलवता येतं. बॉस्टनमध्ये 1989 साली बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या बाळाच्या आईच्या हातात पुस्तक द्यायला आणि ते कसं वाचून दाखवायचं हे सांगायला सुरुवात केली. आज ती पद्धत अमेरिकाभर चालते. पालक हा मोहिमेबाहेरचा, न बदलणारा घटक धरायचं काही कारण नाही.

आता मुख्य आरोप: हे सगळं नाटक आहे, उपयोग शून्य.

काही वेळा खरंच शून्य असतो. कर्नाटकात अक्षरा फाउंडेशनच्या शालेय वाचनालयांची शास्त्रशुद्ध तपासणी झाली, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या शाळा निवडून, काहींत वाचनालय, काहींत नाही. सोळा महिन्यांनी मुलांच्या भाषेच्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. फिरत्या वाचनालयाच्या शाळांत तर गुण थोडे घटलेच. मोहिमांच्या बाजूनं बोलणारी मंडळी हा अभ्यास सहसा सांगत नाहीत. सांगायला हवा.

पण त्याच्या शेजारी फिलिपीन्समधला अभ्यासही ठेवावा लागतो. 2009 मध्ये तारलाक प्रांतातल्या 100 शाळांत चौथीच्या मुलांसाठी 31 दिवसांची वाचन मोहीम झाली. पुन्हा तशीच तपासणी, निम्म्या शाळांत मोहीम, निम्म्यांत नाही. वयाला साजेशी गोष्टींची पुस्तकं वर्गात ठेवली, ती कशी वापरायची याचं शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि वाचन शाळेच्या वेळेत घेतलं. मोहीम संपताना वाचनाच्या चाचणीतले गुण 0.13 प्रमाण विचलनानं (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते मोजायचं एकक) वाढले होते. तीन महिन्यांनी वाढ उरली होती 0.06, म्हणजे निम्म्याहून कमी. मुलं मात्र मोहिमेनंतरही इतर शाळांतल्या मुलांपेक्षा जास्त पुस्तकं वाचत होती. चमत्कार नव्हे. पण 31 दिवसांच्या मोहिमेकडून याहून जास्त अपेक्षा कुणी करावी? आणि थांबलं की ओसरतं हेही त्यातच दिसतं.

या दोन अभ्यासांमधून माझ्यापुरता मी काढलेला अर्थ असा: पुस्तकं पोचवणं हे काम नव्हेच, ती फक्त सामग्री. वर्गाच्या वेळापत्रकात त्यांना तास मिळाला का, मुलाला झेपेल अशा पातळीचं पुस्तक त्याच्या हातात आलं का, आणि एखादा मोठा माणूस ते मोठ्यानं वाचून दाखवतो का, यावर पुढचं ठरतं. गोव्यात 2005 साली सुरू झालेली 'बुकवर्म' ही संस्था शाळांत वाचनालयाचं काम करते, ते एका दिवसाचा सोहळा म्हणून नव्हे. शाळेत पुन्हा पुन्हा जाऊन मुलांसोबत पुस्तक उघडून बसतात. केंद्र सरकारनंही 2022 मध्ये 1 जानेवारी ते 10 एप्रिल अशी शंभर दिवसांची मोहीम आखली होती, आठवड्यागणिक वेगळी कृती. आराखडा वाईट नव्हता. पण जानेवारीत कोरोनाच्या लाटेमुळे कित्येक ठिकाणी शाळाच पुन्हा बंद झाल्या.

फोटोचा प्रश्न उरतो, आणि तिथे फॉरवर्डवाल्यानं चुकीच्या माणसाला धरलंय. शिक्षक फोटो काढतात कारण परिपत्रकात फोटो मागितलेला असतो. अहवालाची लिंक भरली नाही तर शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचा फोन येतो. चाळीस मुलांच्या वर्गात अभिप्राय लिहून घ्यायचे, ते चढवायचे, आणि तेवढ्या वेळात एक गोष्ट वाचून झाली असती. हा पुरावा मागण्याचा रोग आहे, तो वाचनाच्या मोहिमेला जडला तसा वृक्षारोपणालाही जडलाय. उपाय मोहीम बंद करणं नव्हे. फोटोऐवजी जूनमध्ये आणि मार्चमध्ये प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद वाचून घ्या, दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. मुलामागे पाच मिनिटांचं काम आहे, आणि पहिलीतलं पोरही त्यात खोटं बोलू शकत नाही.

आणि 'नाटक बंद करा' म्हणणाऱ्यांसाठी एक कायदेशीर बाब. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय असावं असं लिहिलंय, वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नाही. पण 'असर'चे पाहणीकार ज्या दिवशी शाळेत गेले त्या दिवशी पाठ्यपुस्तकांखेरीजची पुस्तकं मुलं वापरताना दिसली ती 2018 मध्ये 36.9 टक्के, 2022 मध्ये 44 टक्के आणि 2024 मध्ये 51.3 टक्के शाळांत. वाढ चांगली आहे. उरलेल्या शाळांपैकी बऱ्याच ठिकाणी पुस्तकं असतात, पण कपाटात. फाटली तर हिशेब कोण देणार, या भीतीनं कुलूप लावून. पुस्तक फाटलं तर ते वापरलं गेलं असं धरून निर्लेखित करा, म्हणजे नोंदवहीतून कमी करा, असा एका ओळीचा स्पष्ट आदेश प्रत्येक जिल्हा परिषदेनं काढला तर पुढच्या 15 ऑक्टोबरच्या भाषणांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. पुढे पाठवायचंच असेल तर आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या ग्रुपवर हा प्रश्न पाठवा: कपाटाची किल्ली कुणाकडे असते, आणि वाचनाचा तास कोणत्या वारी?