तांत्रिक सहाय्य

काल व्हॉट्सॲपवर शाळेकडून प्रमाणपत्र आलं. ऑनलाइन स्नेहसंमेलन, संगीत नाटिका, त्याखाली माझं नाव आणि नावापुढे 'तांत्रिक सहाय्य'. खरा शब्द 'साहाय्य'. म्हणजे संगीतशिक्षक म्हणून 21 वर्षं शाळेत जो 'सा' लावतोय, तोच नेमका माझ्या प्रमाणपत्रातून कापलेला.

संहिता माझी, चाली माझ्या, पेटी माझी, 6 रात्रींचं जागरण माझं, नेटपॅकही माझाच. जुन्या संगीत नाटकांच्या जाहिरातीत 'ऑर्गन अमुक, तबला तमुक' असं नावानिशी छापायचे. माझा मात्र वायरमन झाला.

करोनामुळे शाळा मार्च 2020पासून बंद होती. 1 फेब्रुवारी 2021ला मुंबईची लोकल सगळ्यांना खुली झाली, तीही ठरावीक वेळात. गॅदरिंग मात्र मोबाइलवरच. तालीम रात्री साडेआठला, कारण निम्म्या घरांत फोन एकच आणि तो बाबांबरोबर कामावर जातो. बाबा कुर्ल्याला अडकले की आमचा प्रधान गैरहजर. झूमवरची फुकटातली मीटिंग 40 मिनिटांत बंद पडते. त्यातली 15 'सर, आवाज येतोय का?' यात जायची.

पहिल्या दिवशी मी 14 पोरांना एकत्र गायला सांगितलं. साधा केरवा, आठ मात्रांचा ताल. गाणारे एकमेकांपासून दहाएक मीटरवर उभे असले तर आवाज पोचायला 30 मिलिसेकंद लागतात, तेवढं कानाला चालून जातं. नेटवर त्याच्या कितीतरी पट. दादरची पोरगी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आली तेव्हा मुलुंडचा पोरगा अजून पाचव्या मात्रेवर होता. शिवाय ॲपने माझ्या पेटीचा लांब सूर पंख्याची घरघर समजून गाळून टाकला. मी भाता हलवतोय, तोंड उघडतोय, ऐकू काहीच नाही. शेवटी एकेकाने माझी पेटी इयरफोनवर ऐकत गायचं आणि व्हिडिओ मला पाठवायचा, असं ठरलं. 9 जणांकडे इयरफोनच नव्हते, त्यांच्या व्हिडिओत गाण्याबरोबर माझी पेटीही उतरली. गाणी जोडली तेव्हा मूळ पेटी धरून माझ्या एकट्याच्या 10 पेट्या वाजत होत्या, आणि दहाही वेगवेगळ्या वेळी.

संवाद तरी मीटिंगवर रेकॉर्ड होतील असं वाटलं होतं. तिथे आजोबा होते.

आमचा राजा लालबागच्या चाळीतला, सातवीतला. पुठ्ठ्याचा मुकुट, गळ्यात आईची मोत्याची माळ. मागे कॉटवर बंडी घातलेले आजोबा, पुढ्यात ताटलीत सोललेला लसूण. पहिल्याच दिवशी मी नम्रपणे म्हटलं, ''आजोबा, जरा फ्रेमच्या बाहेर बसता का?''

''बाहेर म्हणजे खंय? गॅलरीत? थंय मोरी आसा.''

खोली दहा बाय बाराची. माझंच चुकलं.

त्यानंतर त्यांनी दिग्दर्शन हाती घेतलं. ''मास्तरानू, ह्यो राजा मांजरासारखो कित्याक बोलता? दशावतारात राजा इलो काय अख्खो गाव उठान बसता!'' मी सांगितलं, हे कोकणातलं दशावतारी लोकनाट्य नाही, लहान मुलांची नाटिका आहे, पाऊस रुसलेल्या राज्याची. ते म्हणाले, ''पाऊस रुसलो तर राजान ओरडाक नको?'' मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे मला अधिकच राग आला. मग लसूण सोलता सोलता म्हणाले, ''आणि तुमची पेटी मागसून येता.'' मी त्यांना मिलिसेकंद समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नातवाला विचारलं, ''मास्तर नवीन आसत?''

रेकॉर्डिंगच्या रात्री 31व्या मिनिटाला राजा वाक्य विसरला. मी प्रॉम्प्टिंग करतोय, जीव तोडून करतोय, आणि पोरं माझ्याकडे बघून हसतायत. मी म्यूटवर. तेवढ्यात कॉटवरून गर्जना झाली, ''प्रधाना! माझ्या राज्यात पाऊस नाय आणि तू हसतंस?''

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. गोरेगावची प्रधान पोरगी मात्र ते कुठल्याही पुस्तकाविना चटकन शिकली. ''क्षमा, महाराज! ढग संपावर गेलेत.''

''संपावर? त्यांका काय पगार देतंस?''

''वाफेवर राबवतो, महाराज.''

नऊ मिनिटं हे चाललं. राजा मुकुट सावरत एकदा आजोबांकडे, एकदा कॅमेऱ्याकडे बघत होता. मी 'थांबा, थांबा' लिहून पाठवत होतो, कोण वाचतंय! मग 40 मिनिटं संपली आणि मीटिंग बंद पडली. पुन्हा सगळे फोन जमवणं शक्य नव्हतं, म्हणून तेच ठेवलं.

पालकांच्या ग्रुपवर त्या नऊ मिनिटांचं कौतुक अजून ओसरत नाही. मुख्याध्यापकांनी आजोबांना वेगळं प्रमाणपत्र दिलं : 'विशेष अभिनय'. ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक. माझ्या दहा पेट्यांची एक पेटी करायला मी एकेक ओळ पुढे-मागे सरकवत बसलो होतो, त्याबद्दल एका पालकाने लिहिलं, ''म्युझिक कुठून डाऊनलोड केलं?''

रात्री आजोबांचा फोन आला. वाटलं, आभार मानतील.

''मास्तरानू, पुढच्या वर्सा पेटयेक चांगलो माणूस मी हाडतंय. आमच्या वाडीतलो आसा. नंबर घेतास?''

मी नको म्हटलं. तासाभराने नातवाच्या बाबांच्या फोनवरून नंबर आलाच.