भोंगा आणि कार्डांचा खोका

कॉम्प्युटरवर पहिली धून कोणी वाजवली, यावरून भांडणाऱ्यांना मी हल्ली लांबूनच हात जोडतो. १९५१ साली ऑस्ट्रेलियातल्या सायरॅकनं वाजवली, त्याच वर्षी मँचेस्टरच्या फेरांती मार्क वननंही वाजवली. कौतुक आहेच. पण ती यंत्रं करत काय होती? ऑपरेटरला प्रोग्रॅमचा अंदाज यावा म्हणून बसवलेल्या भोंग्याला नेमक्या वेगानं ठोके देत होती. भोंगा सुरात वाजला, एवढंच.

खरी उडी १९५७ची. बेल लॅब्स या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेतले मॅक्स मॅथ्यूज पेशानं इंजिनिअर, हौसेनं व्हायोलिन वाजवणारे. त्यांनी थेट ध्वनीची लहरच आकड्यांत मांडली, सेकंदाला हजारो आकडे. गणित करायला आयबीएम ७०४ हा कॉम्प्युटर होता, तोही न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर. आकडे टेपवर घ्यायचे, टेप घेऊन न्यू जर्सीत मरे हिलला यायचं, मग तिथल्या यंत्रातून आवाज. सूर चुकला की पुन्हा न्यूयॉर्क! त्यातून न्यूमन गटमन यांची १७ सेकंदांची रचना निघाली. मी ऐकलीय. खरं सांगू? कानाला त्रास होतो. एकच आवाज, सूर धाडकन सुरू, धाडकन बंद.

तरी मी मॅथ्यूजना मानतो, ते १९६०च्या ‘म्युझिक थ्री’ या त्यांच्या प्रोग्रॅमसाठी. त्यात तयार वाद्य नव्हतंच, होते सुटे भाग. एक लहर काढणारा, एक आवाज चढवणारा-उतरवणारा, एक दोन आवाजांची बेरीज करणारा. हवे तसे जोडा, तुमचं वाद्य तुम्हीच घडवा. आजचं कुठलंही सिंथेसायझरचं सॉफ्टवेअर उघडा, आत हीच जोडाजोड. बॅरी व्हर्को यांचा १९८६चा आवाज घडवणारा प्रोग्रॅम, सीसाउंड, तर याच घराण्यातलं.

आणि मॅथ्यूज माणूस दिलदार. १९६४ साली स्टॅनफर्डचा जॉन चाउनिंग नावाचा संगीताचा विद्यार्थी भेटायला आला. मूळचा ड्रम वाजवणारा. जाताना मॅथ्यूजनी त्याच्या हातात ‘म्युझिक फोर’ या पुढच्या प्रोग्रॅमच्या पंचकार्डांचा, म्हणजे प्रोग्रॅम भोकांत नोंदवलेल्या पुठ्ठ्यांचा, खोकाच दिला. त्याच चाउनिंगला १९६७ साली एफएम सिंथेसिस सापडलं. एका लहरीनं दुसरीला भरभर हलवायचं, की दोन भागांतून घंटेपासून पितळी वाद्यांपर्यंतचे आवाज! स्टॅनफर्डनं त्याचं पेटंट घेतलं, यामाहाला हक्क दिले, आणि १९८३ साली डीएक्स-सेव्हन हा सिंथेसायझर बाजारात आला. ऐंशीच्या दशकातल्या पॉप गाण्यांत तो काचेसारखा किणकिणणारा पियानो ऐकू येतो ना, तो बहुतेक वेळा हाच.

परवा एक प्लगइन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं वाद्य, विकत घेतलं. एक सूर वाजवायच्या आधी त्यानं तीनदा लॉगिन करायला लावलं. तेव्हा तो खोका आठवला.